एक धडा पुढे

आमच्या घराण्यात शिकवण्याचा रोग आनुवंशिक आहे. आजोबा तालुक्याच्या गावी शाळामास्तर होते, वडील हायस्कुलात गणित शिकवीत, आणि मी एका कॉलेजात एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. निदान पगारपत्रकावर तरी तसं लिहिलेलं असे. त्यामुळे अमेरिकेत पीएच.डी. करायला गेलेल्या भाचीने दोन वर्षांपूर्वी फोनवर, "मामा, या सप्टेंबरपासून मी एक सेमिनार शिकवणार आहे," असं सांगितलं, तेव्हा घरात कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. मला मात्र एक शंका आली.

म्हटलं, "अगं, पण तुझं स्वतःचं शिक्षण पुरं झालंय का?"

"नाही."

"मग?"

"म्हणून तर शिकवायला देतात."

या उत्तरावर विचार करायला मला बराच वेळ मिळाला, कारण त्याच सुमाराला तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, लेकीकडे जायचं होतं आणि एकटीने विमानात बसायचं धाडस होत नव्हतं. सोबतीला मी निघालो. अशा रीतीने मी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मोठ्या विद्यापीठाच्या गावी दोन महिने मुक्काम ठोकून आलो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. भाचीला अजून तिथून डिग्री घ्यायची आहे.

आता सेमिनार म्हटलं की तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे काय येतं? मागे बॅनर, पुढे समई, काडेपेटीची शोधाशोध, तासभर उशिरा आलेले उद्‌घाटक, शाल, श्रीफळ, आणि जेवणात मसालेभात. शोधनिबंध वगैरे गोष्टी मसालेभात पचावा म्हणून दुपारच्या सत्रात ठेवलेल्या असतात. मीही त्याच तयारीने इस्त्रीचा कोट बरोबर नेला होता. भाची म्हणाली, "मामा, तो कोट राहू दे. पंधरा-सतरा मुलं असतात, एका टेबलाभोवती बसतात. बस्स."

"आणि तू कुठे बसतेस?"

"त्याच टेबलाशी."

इथेच मला पहिला धक्का बसला. आमच्या कॉलेजात एफ.वाय.च्या वर्गात एकशे वीस मुलं असत आणि मी दीड फूट उंचीच्या लाकडी चौथऱ्यावर उभा असे. माझ्या विद्वत्तेपैकी निदान दीड फूट त्या चौथऱ्याची होती.

तिकडची पद्धत थोडक्यात अशी. पदवीच्या पहिल्यादुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार करायला आणि तो कागदावर उतरवायला शिकवण्यासाठी असे छोटे सेमिनार बऱ्याच विद्यापीठांत सक्तीचे असतात. ते एकट्या इंग्रजी विभागाने चालवायचे असंही नाही. कॉर्नेल विद्यापीठात इतिहासापासून विज्ञानापर्यंत निरनिराळे विभाग ते देतात. बर्कलीला वाचन आणि लेखनाचे असे दोन अभ्यासक्रम पुरे केल्याशिवाय बहुतेक मुलांची सुटका नाही. आणि यातले पुष्कळसे वर्ग शिकवतात कोण? तर ज्यांचा स्वतःचा प्रबंध अजून अर्धवट आहे असे पीएच.डी.चे विद्यार्थी. प्राध्यापक मंडळी मोठमोठे ग्रंथ लिहिण्यात गुंतलेली असतात.

या शिकाऊ गुरुजनांना नावंही नाना आहेत. हार्वर्डला 'टीचिंग फेलो' म्हणतात, बर्कलीला 'ग्रॅज्युएट स्टुडंट इन्स्ट्रक्टर', तर प्रिन्स्टनला 'असिस्टंट इन इन्स्ट्रक्शन', म्हणजे आद्याक्षरांनी चक्क 'एआय'. यंत्राने शिक्षकांची जागा घेतली म्हणून आज जी ओरड चालली आहे तिच्या कितीतरी आधीपासून प्रिन्स्टनला एआय वर्ग घेत आहे, आणि त्या एआयला भूक लागते, झोप येते आणि घरभाडं भरावं लागतं.

दोन महिने नुसतं बसून काय करायचं? भाचीच्या घरात आणखी दोन पीएच.डी.वाले राहात. एक तत्त्वज्ञानवाला, एक जीवशास्त्रवाला. दोघांचेही सेमिनार चालू होते. मी तिघांचीही परवानगी काढली आणि नाटकाचा परीक्षक जसा पासावर जाऊन कोपऱ्यात बसतो तसा तीन वर्गांत जाऊन बसलो. त्याचं हे परीक्षण.

प्रयोग पहिला. विषय 'खोटं बोलणं', विभाग तत्त्वज्ञान. विषय वाचूनच मी खूश झालो. या विषयावर कोणाही माणसाला दोन शब्द बोलता येतील. टेबलाभोवती सोळा तरुण मुलंमुली खोटं बोलण्याच्या अनुभवाने ओसंडून चालली होती. एका मुलीने सुरुवातही केली की, आजी आजारी असताना डॉक्टरांनी तिला खरं सांगितलं नाही, ते बरोबर होतं का? प्रश्न ऐकून मी सरसावून बसलो. पण आमचा तत्त्वज्ञ म्हणाला, "छान प्रश्न आहे, पण त्याआधी आपल्याला 'विधान' म्हणजे काय ते पाहायला हवं." आणि ते जे पाहायला सुरुवात केली ती चाळीस मिनिटं. त्याच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण 'विधान' या गोष्टीवर आहे हे मला आदल्या रात्री भांडी घासताना कळलं होतं. त्या बिचाऱ्याच्या अंगात प्रबंध आला होता. आमच्याकडे देवी अंगात येते ती तासाभरात उतरते. प्रबंध पाचसहा वर्षं उतरत नाही. आजी तशीच अंथरुणावर राहिली. मुलीने वही मिटली.

हा या पद्धतीतला पहिला दोष. ज्याला एकच विहीर ठाऊक आहे तो सगळ्यांना त्याच विहिरीवर नेतो, तहान असो वा नसो.

प्रयोग दुसरा. विषय 'कुजणं', विभाग जीवशास्त्र. आमचा जीवशास्त्रवाला एक काळं पडलेलं केळं, एक शिळा पाव आणि डब्यात भरलेला पालापाचोळा घेऊन वर्गात आला. घरातल्या फ्रिजला तीन आठवडे येत असलेल्या वासाचा उलगडा मला तिथे झाला. सुरुवात अशी झकास की मीही नाक धरून पुढे झुकलो. "याला कुजणं म्हणायचं की शिजणं?" त्याने विचारलं. वर्ग शांत. मुलं विचार करीत होती. ते तोंडावर दिसत होतं. पण शिकवण्याच्या धंद्यात सगळ्यात अवघड गोष्ट कुठली विचाराल तर ती म्हणजे प्रश्न विचारून गप्प बसणं. आमच्या मित्राला ती शांतता चार सेकंदही सोसेना. पाचव्या सेकंदाला त्याने स्वतःच उत्तर दिलं. मग दुसरा प्रश्न, त्याचंही उत्तर स्वतःच. तासाच्या शेवटी तो घामाघूम झाला होता आणि मुलं ताजीतवानी होती. हा दोष वयाचा आहे. मला तो जायला दहा वर्षं लागली. नंतर मी प्रश्न विचारणंच सोडून दिलं, म्हणून गेला.

प्रयोग तिसरा, आमच्या भाचीचा. विभाग इतिहास, विषय 'पाऊस'. जाण्यापूर्वी तिने मला बजावलं, "मामा, तू मागे बस, आणि काहीही बोलू नकोस." मी कबूल झालो.

त्या दिवशी हिंदुस्थानातल्या पावसाच्या अंदाजाची कहाणी होती. १८७६ ते १८७८ चा महाभयंकर दुष्काळ दख्खन आणि मद्रासकडे पडला, लाखो माणसं मेली, आणि त्याच काळात धान्य परदेशी जातही होतं. कामावरच्या दुष्काळग्रस्ताला सर रिचर्ड टेंपल यांनी रोजी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर आणून ठेवलं होतं. मग सरकारला पावसाचं भविष्य आधी कळावंसं वाटू लागलं. ब्लॅनफर्डसाहेबांनी १८८० नंतरच्या दशकात हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधायला घेतले. पुढे १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे मुळातले गणिती वेधशाळांचे प्रमुख झाले आणि त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. हे सगळं मुलं घरून वाचून आली होती. घरून वाचून आलेली मुलं मी प्रथमच जवळून पाहात होतो.

एवढ्यात एका मुलीने हात वर केला. तिच्या वडलांची बदामाची बाग होती, त्यामुळे पाऊस तिला पुस्तकातला नव्हता. ती म्हणाली, "हे अंदाज इंग्रजीत छापले जात. ज्याला ते वाचता येत नव्हते तो शेतकरी कशाच्या भरवशावर पेरत होता?"

भाची थांबली. एक, दोन, तीन, चार, पाच सेकंद झाले. आणि ती म्हणाली, "मला माहीत नाही."

मी खुर्चीत चपापलो. वर्गात उभं राहून शिक्षकाने 'मला माहीत नाही' म्हणायचं म्हणजे पुजाऱ्याने भर आरतीत देव आहे की नाही याची शंका काढण्यासारखं! पण तिने तेच वाक्य फळ्यावर लिहिलं, त्याखाली रेघ मारली, आणि विचारलं, "आपल्याला हे शोधायचं असेल तर कुठे कुठे पाहावं लागेल?" आणि काय सांगू, वर्ग पेटला. एक म्हणाला, गाणी पाहू. दुसरी म्हणाली, सावकाराच्या वह्या. बियाण्याला कर्ज कोणत्या महिन्यात उचललं ते कळेल. तिसरा म्हणाला, कोर्टातले खटले. दहा मिनिटांत फळा भरला. उत्तर मिळालंच नाही, पण सतरा पोरांना उत्तर कुठे राहतं त्याचा पत्ता मिळाला.

इथे माझ्याच्याने राहवेना. आनुवंशिक रोग! मी हात वर केला. भाचीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर तिच्या आईची आहे, मी लहानपणापासून ओळखतो. तरी मी उठून पंचांग सांगितलं, मृग आणि आर्द्रा सांगितलं, आणि प्रत्येक पावसाळी नक्षत्र कुठल्या ना कुठल्या वाहनावर बसून येतं हे सांगितलं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर शेतकरी खूश. कोल्हा किंवा मेंढा आला तर चेहरा उतरलेला. मुलं बेडकावर बेहद्द खूश झाली. मी चढलो. मनातल्या मनात मला दीड फुटाचा चौथराही लाभला होता.

तेवढ्यात टोपी उलटी घातलेल्या एका मुलाने विचारलं, "ते खरं किती वेळा ठरायचं? कोणी मोजून पाहिलंय का?"

माझ्या जिभेवर एक वाक्य आलं. एकतीस वर्षं ते तिथेच राहात होतं. ते वाक्य म्हणजे, "ते परीक्षेला नाही, बस खाली."

हे वाक्य मी पुष्कळांना म्हटलं असेन, पण आठवतो तो एकच. १९९१ साल. एफ.वाय.चा वर्ग. मी घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत शिकवीत होतो. पहिल्या आंब्याला जी गोडी ती दुसऱ्याला नाही, दुसऱ्याला जी ती तिसऱ्याला नाही, इत्यादी. मागच्या बाकावरून एक खेड्यातला मुलगा उठला. म्हणाला, "सर, पैशाचंही तसंच असतं का? मग ज्यांच्याकडं मायंदळ पैसा आहे ते आणखी कशापायी मिळवत बसत्यात?" अर्थशास्त्रातल्या मोठमोठ्या डोक्यांनी ज्यावर पानंच्या पानं खर्ची घातली तो हा प्रश्न, आणि तो त्या पोराला स्वतःच्या डोक्याने पडला होता. मला उत्तर येत नव्हतं. वर्गातले एकशे एकोणीस जण माझ्याकडे पाहात होते. मी म्हणालो, "ते परीक्षेला नाही, बस खाली." तो बसला. त्यानंतर वर्षभर तो उठला नाही. त्याचं नाव मला आठवत नाही. हजेरीपटावर तो एकशे सातवा होता.

तर त्या दिवशी अमेरिकेत, वयाच्या सत्तरीला टेकलेलो असताना, मी आवंढा गिळला आणि उलट्या टोपीच्या मुलाला म्हणालो, "मला माहीत नाही." त्याने ते वहीत लिहून घेतलं. माझ्या तोंडचं आणि कोणी मनापासून टिपून घेतलेलं असं ते पहिलंच वाक्य.

हा झाला या पद्धतीचा गुण. आजवर ज्याला विचाराल तो सांगेल की सेमिनार अनुभवी प्राध्यापकाने घ्यावा. मलाही तसंच वाटत असे. आता वाटत नाही. आम्ही जुने लोक रस्त्याने इतक्या वेळा गेलेलो असतो की खड्डा कुठे आहे ते विसरून जातो. जो कालच त्यात पडलेला असतो त्याच्या गुडघ्याला अजून माती असते. तो मुलांच्या एकच धडा पुढे असतो, म्हणून त्याला मागचा माणूस दिसतो.

आणि ही कल्पना काही अमेरिकेची नाही. अँड्र्यू बेल नावाच्या गृहस्थांनी मद्रासच्या अनाथाश्रमात मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याचा प्रयोग केला, १७९७ साली त्यावर पुस्तक छापलं, आणि विलायतेत ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. आपल्याकडे तर याहून गोड नाव होतं. पेशवाईत श्रावणात पुण्याच्या रमण्यात विद्वानांना दक्षिणा वाटत. इंग्रज आल्यावर त्या पैशातला काही भाग शिक्षणाकडे वळला आणि पुढे कॉलेजांतून 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. स्वतः शिकायचं आणि खालच्या वर्गांना शिकवायचं. रानडे आणि भांडारकर दोघेही दक्षिणा फेलो होते. मुंबई विद्यापीठाची बी.ए.ची पहिली तुकडी १८६२ सालची, तीतही हे दोघे होते. भांडारकर मात्र १८५९ सालीच फेलो झालेले. म्हणजे बी.ए. व्हायच्या आधीच शिकवीत होते, आणि विद्यार्थ्यांचं काही वाईट झाल्याचं ऐकिवात नाही.

पण दक्षिणा हा शब्द काढलाच आहे तर तिच्याविषयी बोलायला हवं. परीक्षक फुकट पासावर गेला तरी त्याने तिकीटविक्रीची चौकशी करावी.

भाचीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दर दुसऱ्या रविवारी सतरा निबंध येऊन पडत. एकेका निबंधाला ती पाऊण तास घेई आणि शेवटी पानभर मजकूर लिही. बोर्डाच्या परीक्षेला मी एका चहात पंधरा पेपर संपवीत असे. मी तिला मदत देऊ केली, ती तिने घाबरून नाकारली. रात्री दीड वाजता ती निबंध मिटून स्वतःचा प्रबंध उघडी आणि त्यावर डोकं ठेवून झोपून जाई. फ्रिजवर तिघांचा हिशेब लावलेला असे: भाडं, वीज, तांदूळ. माझ्यातला अर्थशास्त्री तो रोज वाचीत असे. भाडं दिल्यावर जे उरे त्यात सीमांत उपयोगिता घटण्याइतकं काही नसे.

ही कुरकुर एकट्या भाचीची नाही. विस्कॉन्सिनला अशा शिकाऊ शिक्षकांनी १९७० सालीच संप करून विद्यापीठाकडून करार लिहून घेतला होता. खाजगी विद्यापीठांतले असे विद्यार्थी हे कामगारच आहेत असं कोलंबियाच्या प्रकरणात तिथल्या कामगार मंडळाला २०१६ साली सांगावं लागलं. १४ नोव्हेंबर २०२२ ला तर कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सुमारे ४८ हजार शिकाऊ शिक्षक आणि संशोधक संपावर गेले. ऐन परीक्षांच्या तोंडावर जवळजवळ सहा आठवडे वर्ग ओस पडले, पेपर तपासायचे राहिले, आणि तेव्हा कुठे थोरामोठ्यांच्या लक्षात आलं की विद्यापीठ कोण चालवतं. शिकवणाऱ्यांचा किमान वार्षिक पगार सुमारे २३ हजार डॉलरवरून टप्प्याटप्प्याने ३४ हजारांवर न्यायचं ठरलं.

माझी तक्रार हीच आहे. विद्यार्थ्याने शिकवावं ही कल्पना उत्तम. पण ती राबवणाऱ्यांनी उत्तम म्हणून राबवलेली नाही, स्वस्त म्हणून राबवली आहे. 'सेमिनार' हा शब्द लॅटिनमध्ये रोपवाटिकेचा. रोपवाटिकेतलं रोप पुढे कुठेतरी जमिनीत लावायचं असतं. इथे पाचसहा वर्षं रोपाकडून सावलीचं काम करून घेतात आणि ते जरा दणकट झालं, प्रश्न विचारून गप्प बसायला शिकलं, की म्हणतात, जागा नाही. पुढच्या हंगामाला नवीन, कोवळं, स्वस्त रोप.

आपण हसायचं कारण नाही. त्यांच्याकडे पीएच.डी. होईपर्यंत कमी पैशात शिकवावं लागतं, आपल्याकडे झाल्यानंतर. आमच्याच कॉलेजात नेट-सेट झालेली, नावापुढे डॉक्टर लावणारी मुलं वर्षानुवर्षं 'तासिका तत्त्वावर' शिकवतात. तासावर पैसे, सुट्टीत शून्य. घड्याळाकडे पाहून पगार देणाऱ्याने 'मुलांच्या प्रश्नावर पाच सेकंद थांबा' असं कुठल्या तोंडाने सांगावं?

डिसेंबरात भाचीचा फोन आला. सत्र संपलं होतं आणि मुलांनी शिक्षकांविषयी भरून द्यायचे कागद आले होते. तिकडे मुलं शिक्षकांना मार्क देतात. ही प्रथा माझ्या निवृत्तीपर्यंत इकडे पोचली नाही याबद्दल मी परमेश्वराचा ऋणी आहे. भाचीचा आवाज जरा पडलेला होता.

"काय गं, काय लिहिलंय?"

"तसं बरं लिहिलंय. पण एकाने लिहिलंय, बाईंना बऱ्याच प्रश्नांची उत्तरं माहीत नसतात. आणि विभागप्रमुखांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारून मला भेटायला बोलावलंय."

मी म्हटलं, "तो कागद जपून ठेव. आपल्या तीन पिढ्यांत असलं प्रशस्तिपत्र कोणाला मिळालेलं नाही."

"मामा, मस्करी पुरे. मी त्यांना सांगू काय?"

एकतीस वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला यावर काहीतरी सुचायला हवं होतं. मी पाच सेकंद थांबलो. मग खरं तेच सांगितलं. "मला माहीत नाही. पण चल, कुठे कुठे पाहावं लागेल ते आपण लिहून काढू."